मायला सांगितलेलं खोटं

माझ्याआधी आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. कन्नड गावाजवळ लोकांच्या रानात माय कापूस वेचायची, सुट्टीत मीही जायची. बोंडांच्या वाळल्या टोकांनी दोघींची बोटं फाटलेली असायची.

आज शहरातल्या छावणी भागात एका गादीवाल्याकडं कापूस पिंजणं चाललं होतं. तो धुळकट वास नाकात गेला आणि मी मनानं थेट तेव्हाच्या कॉलेजच्या वर्गात जाऊन बसले. सर सांगत होते, "लॅटिनमधल्या 'लेगेरे' या क्रियापदाचा मूळ अर्थ वेचणं. पुढं डोळ्यांनी अक्षरं वेचणं, म्हणजे वाचणं. लेक्चर हा शब्द त्यातूनच आला. तुमच्यापैकी कुणी कापूस वेचलाय?"

मी दोन्ही हात बाकाखाली लपवले.

घरी गेल्यावर तो अर्थ मायला सांगितला. ती हसली.

"व्हय? म्हंजी मी बी शिकलेलीच की गं! मग सांगितलंस का सरांला, माझी माय लई वेचती म्हून?"

"सांगितलं की."

तिनं ते गल्लीभर सांगितलं. पोरीनं भर वर्गात आपलं नाव काढलं म्हणून.

खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. निकालाच्या आधीच माय गेली.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.