लोकल माणसाला कसली हार्डशिप?

पगाराचं एक बरं असतं. तो वाढो न वाढो, त्याच्यावरचे किस्से मात्र दर महिन्याला वाढतात! आमच्याकडं तर इतके साठलेत की त्यांच्यावर पीएफ कापायला लागला तरी चालेल.

आम्ही म्हणजे येडशीच्या माळावर पवनचक्क्या सांभाळणारे चार इंजिनिअर. मी धाराशिवची संगीता, पण साईटवर मला सगळे मॅडमच म्हणतात. महांतेश उमरग्याचा, बालाजी सोनारीचा आणि अमोल बार्शीचा. आजूबाजूच्या गावांत आम्हाला 'पंखेवाले' म्हणतात. डिग्री चौघांची एकच, काम एकच, टॉवरची शिडीही एकच. पगाराच्या स्लिपा तेवढ्या निरनिराळ्या. ह्या का निरनिराळ्या, ते विचारायला गेलं की एक नवीन किस्सा तयार होतो आणि आमचं डोकं फिरतं.

*

पहिला माझाच सांगते.

पुण्याहून एचआर सरांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. चक्की बंद पडली तर आधी काय बघाल, वरचं वारं किती असलं की टॉवरवर चढायचं नाही, सगळं विचारलं. मी धडाधड उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, राहायला कुठं? मी म्हटलं, धाराशिवलाच, सासर-माहेर दोन्ही इथंच.

"अरे वा! म्हणजे तुम्ही लोकल!"

इतक्या आनंदानं म्हणाले की मला वाटलं, दोन मार्क जास्तीचे मिळाले. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. आठवड्यानं ऑफर लेटर आलं आणि कळलं, लोकल माणसाचा रेट वेगळा असतो. कमी असतो! मी फोन लावला. सर शांतपणे मला समजावायला लागले, की मॅडम, तुम्हाला भाडं नाही, मेस नाही, घरचंच खाता ना?

आता मला सांगा, घरचं खाते म्हणजे काय? किराणा दुकानदार तेलाचा डबा देताना विचारतो का, की ताई तुम्ही लोकल का, मग थोडं कमी लावतो? माझ्या घरची ज्वारी काय पवनचक्कीच्या वाऱ्यावर पिकते व्हय?

*

बाहेरून आलेल्यांना आमच्याकडं पगाराशिवाय एक भत्ता मिळतो. त्याचं नाव 'हार्डशिप अलाउन्स'. म्हणजे मराठीत सांगायचं तर, आमच्या जिल्ह्यात राहावं लागतं म्हणून मिळणारी नुकसानभरपाई! नाव वाचलं त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा जन्म इथला, शाळा इथली, लग्न इथलं. अख्खं आयुष्य ह्यांच्या हार्डशिपमध्ये काढलं आणि तेही फुकट.

पण माझं सोडा. खरा प्रश्न महांतेशचा होता. त्याची बायको आणि लहान पोरगी उमरग्याला, त्याच्या आईवडिलांपाशी. उमरगा पडलं पार कर्नाटकाच्या हद्दीला, रोज येणंजाणं शक्यच न्हाय. म्हणून हा इथं एका खोलीत तिघांबरोबर कॉट लावून राहायचा. लोकल पगारात घरी पाठवायचं आणि वर दोन खोल्यांचं भाडं, असं दोन्ही बसत नव्हतं. हार्डशिप मिळाली की बायको-पोरीला येडशीला आणायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. दर वर्षी तो रीतसर मेल टाकायचा आणि दर वर्षी तेच उत्तर यायचं: उमरगा आणि येडशी एकाच जिल्ह्यात असल्यामुळं आपण लोकल आहात.

नकाशावर बोटानं अंतर मोजलं असेल ह्यांनी! पोरगी रांगायला लागली ते त्यानं मोबाईलवर बघितलं, चालायला लागली तेही मोबाईलवरच. एकदा तो दोन महिन्यांनी घरी गेला तर पोरगी त्याला बघून आजीच्या पदराआड लपली. हे सांगताना तो हसत होता. आम्ही कुणी हसलो नाही.

*

आता बालाजी आणि अमोलचं ऐका.

सोनारीहून येडशीला यायचं तर परंड्यावरून बार्शीला यावं लागतं. आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे बालाजी आपल्याच जिल्ह्यातून आपल्याच जिल्ह्यात यायला मधी दुसरा जिल्हा ओलांडतो. सोमवारी सकाळी तो मोटारसायकलवर निघतो, बार्शीला अमोल चौकात उभाच असतो, तो मागं बसतो आणि दोघं साईटवर येतात. आता बघा, गाडी चालवणारा लांबून येतो, तो लोकल. मागं बसणारा जवळून येतो, तो परगावचा! हार्डशिप मिळते ती अमोलला. बार्शीचं ऊन निराळं आणि येडशीचं निराळं, असं कंपनीचं म्हणणं असावं.

एकदा एचआर सर स्वतः साईटवर आले होते. दोघं त्यांच्या डोळ्यादेखत एका गाडीवरून उतरले. बालाजीला वाटलं, देवच पावला. हेल्मेट हातात धरून त्यानं सगळा रस्ता गावागावासकट सांगितला, पेट्रोल किती लागतं तेही सांगितलं. सरांनी मन लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग तुम्ही पेट्रोलचे पैसे अमोलकडून घ्या की. त्याला अलाउन्स मिळतो."

अमोल बिचारा सज्जन, त्याचा काय दोष? त्या दिवसापासून स्टेशनरोडच्या टपरीवर चहाचे पैसे तोच देतो. तो चहा आमच्यात 'हार्डशिप' म्हणूनच मागवतात.

*

बालाजीच्या लग्नाच्या वेळी आणखी एक गंमत झाली. गंमत आमच्यासाठी, त्याच्यासाठी नव्हे.

भूमकडचं स्थळ होतं. पोहे झाले, मुलगी पसंत, मुलीलाही मुलगा पसंत. मुलीच्या वडिलांनी पॅकेज विचारलं. बालाजीनं ऑफर लेटरवरचा मोठा आकडा सांगितला. मुलीचे मामा कोपऱ्यात बसले होते, त्यांचे स्वतःचे दोन जेसीबी. त्यांनी विचारलं, ते ठीक हाय, पण हातात किती पडतं? बालाजी खोटं बोलणारा गडी नव्हे. त्यानं हातात पडणारं सांगितलं.

मग मामांनी विचारलं, मधलं कुठं जातं? बालाजी सांगत बसला, की पीएफ असतो, विमा असतो, ग्रॅच्युइटी असते, ट्रेनिंगचा खर्च धरतात, सेफ्टी बेल्टसुद्धा त्यातच धरलाय. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"म्हंजे वर चढायचा पट्टा तुमचा तुम्हीच इकत घेता?"

वर आणखी प्रेमानं म्हणाले, माझा एक ड्रायव्हर सोडून चाललाय, बघा विचार करून, डिझेल मी पगारात धरत न्हाय. लग्न झालं शेवटी, मुलीनंच हट्ट धरला. पण मामा अजून दिवाळीला भेटले की विचारतात, पट्ट्याचे फिटले का?

*

पगार कशावर ठरतो, असं कॉलेजात कुणी विचारलं असतं तर मी शिक्षण, अनुभव, कौशल्य असं लिहिलं असतं. आता विचाराल तर सांगते, नवऱ्यावर ठरतो!

तिसऱ्या वर्षी अप्रायझलला गेले. वर्षभरात माझ्या भागातली एकही चक्की जास्त दिवस बंद राहिली नव्हती. तो कागदच मी पुढं ठेवला. एचआर सरांनी कागद बघितला, छान म्हणाले आणि विचारलं, मिस्टर काय करतात? मी म्हटलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, मग काय मॅडम, घरात एक सरकारी पगार आहे, तुम्हाला कसली काळजी!

मी बाहेर आले, तर अमोल आत गेला. त्याला म्हणाले, तुमचं अजून लग्न व्हायचंय, खर्च काय तुम्हाला? त्यालाही कमीच वाढवलं. बालाजी आत गेला, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. त्याला विचारलं, मिसेस शिकलेल्या आहेत का? बालाजीनं अभिमानानं सांगितलं, बी.एड. आहे. झालं! म्हणाले, मग त्याही कमावतीलच की.

लग्न झालेली, न झालेला, नुकतंच झालेला, तिघंही लटकलो. मी त्या संध्याकाळी घरी येऊन नवऱ्यावर चिडले, त्यांचा काहीएक संबंध नसताना. त्यांनी निमूटपणे चहा केला.

*

आणि महांतेशचं अप्रायझल? ते ऐकाल तर तुमचंही रक्त उसळेल.

पवनचक्कीचं एक पातं म्हणजे केवढं लांब! ते घेऊन येणारा ट्रेलर गावाबाहेरच्या वळणावर अडकला. मागचं चाक एका शेतकऱ्याच्या बांधावर चढलं, बांध फुटला. शेतकरी चाकापुढं आडवा बसला. ट्रेलरचा ड्रायव्हर हैदराबादकडचा, तो दखनीत सगळ्यांना शिव्या घालत होता. क्रेनवाला कर्नाटकातला, त्याला कन्नडशिवाय काही कळेना, तो क्रेन बंद करून सावलीला जाऊन बसला. अमोल ड्युटीवर होता. तो मधोमध उभा राहून प्रत्येकाला 'बेसिकली, बेसिकली' म्हणत होता.

महांतेश आला. आधी शेतकऱ्यापाशी उकिडवा बसला. काका म्हणून त्यांचं सगळं ऐकून घेतलं, बांध आज घालून देतो म्हणाला आणि कंपनीच्याच जेसीबीनं घालून दिला. ड्रायव्हरला 'क्या मियाँ, गरम नक्को होव' म्हणून चहा पाजला. क्रेनवाल्याशी कन्नडमध्ये बोलत बोलत त्याचं गाव काढलं, पाव्हणं निघालं. दुपारपर्यंत ट्रेलर बाहेर! पोलीस नाही, भांडण नाही, पात्याला ओरखडा नाही.

महिन्याभरानं त्याच्या अप्रायझलच्या कागदावर लिहून आलं: टेक्निकल उत्तम, कम्युनिकेशन वीक. कारण काय, तर महिन्याच्या इंग्रजी कॉलवर महांतेश गप्प बसतो. आणि अमोलला कम्युनिकेशनमध्ये एक्सलंट! अमोल स्वतः ओशाळला. म्हणाला, "अरे, मी त्या दिवशी एका माणसाला काही समजावू शकलो नाही."

चार भाषा येणाऱ्या माणसाला बोलता येत नाही म्हणतात हे लोक! मी तर एचआर सरांना फोनच लावणार होते. महांतेशनंच थांबवलं. म्हणाला, जाऊ द्या मॅडम, माणसांशी बोललं तर कामं होत्यात, कॉलवर बोललं तर पगार होतो. त्या वर्षीही हार्डशिपचा मेल त्यानं टाकला. त्या वर्षीही तो लोकलच राहिला.

*

आता शेवटचा, ह्याच उन्हाळ्यातला.

सीमेपलीकडं कर्नाटकात आमच्याच कंपनीचं नवीन काम निघालं. उमरग्याहून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. तिथला एचआर निराळा आणि तिथला नियमही निराळा: राज्याबाहेरचा माणूस तो परगावचा. पूर्ण पगार, वर हार्डशिप. महांतेशच्या आधारवर तर महाराष्ट्र छापलेलं! घरी राहायचं, पोरीला मांडीवर घेऊन जेवायचं आणि कागदोपत्री परगावचं व्हायचं. बालाजी टपरीवर उभा राहून नाचला. म्हणाला, जिल्ह्यानं मारलं, पण राज्य तारणार!

आम्ही तिघांनी महांतेशची तयारी करून घेतली. घर किती लांब विचारलं तर 'महाराष्ट्रात' एवढंच सांगायचं. आणि कन्नडचा एक शब्द काढायचा नाही, नाहीतर तिथलाच धरतील. काहीही झालं तरी नाही. अमोलनं तर त्याला बजावलं, "बेसिकली, तू कन्नड विसर."

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. महांतेश रजा टाकून उमरग्याला गेला, माडीवरची खोली आतून लावून बसला. तिकडच्या एचआर मॅडम हिंदीत बोलत होत्या. कामाचं विचारून झालं, त्या खूश. महाराष्ट्रातून येणार म्हणजे तुम्ही परगावचे, त्या हिशेबानं लेटर काढते, असंही म्हणाल्या. फक्त एक-दोन गोष्टी लिहून घ्यायच्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात दार वाजायला लागलं. कडी नीट बसली नव्हती, दार उघडलं. दारात पोरगी. गेल्या महिन्यापासूनच ती शब्द जोडून बोलायला लागली होती, आणि त्यांच्या घरात सगळे बोलतात कन्नडच. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "अप्पा, बा!" बाबा, ये म्हणून. आजीच्या पदराआड लपणारी पोरगी आपण होऊन त्याला हाक मारत होती.

महांतेश म्हणाला, "बंदे, पुट्टी." आलो गं पोरी. उठला आणि तिला उचलून मांडीवर घेऊन परत मोबाईलपुढं बसला.

स्क्रीनवरच्या मॅडम हसल्या. पेन खाली ठेवलं आणि कन्नडमध्येच विचारलं, अहो, म्हणजे तुम्ही तर लोकलच की?

सोमवारी टपरीवर तो हे सांगत होता. आमचे चहा हातातच राहिले. बालाजीनं कपाळावर हात मारला. मला तर असा संताप आला, त्या बाईचा, त्या नियमाचा, सगळ्यांचा. मी म्हटलं, "अरे, नाही म्हणायचंस ना! शेजाऱ्यांकडून शिकलो म्हणायचं, काहीही सांगायचं! काय म्हणालास तू?"

महांतेशनं ग्लास बाकड्यावर ठेवला.

"पोरगी मांडीवर होती मॅडम. मी म्हणलं, व्हय. लोकलच हाय."