रोह्याच्या जपानात मंदाचे हात

पेण-रोह्याच्या बाजूला लोक समुद्र बघायला जातात. मी जपान बघून आले. गोष्ट नव्वदच्या दशकातली, त्यामुळे ही वाचून कुणी लगेच बॅग भरू नका.

मामाचा निरोप आला होता. मंदाला रोह्याचं स्थळ सांगून आलंय, पाहणं झालंय, मुलगा कंपनीत कायम आहे. पण नातेवाइकांना दाखवायला मुलाच्या आईला मुलीचा बाहेर काढलेला फोटो हवा, कारण स्टुडिओत सगळ्याच गोऱ्या दिसतात. ‘तू ये. ठाण्याची बाई सोबत असली की वजन पडतं.’ मंदा ही माझी मामेबहीण. पेणला मामाचा गणपतीचा कारखाना होता आणि तिथल्या मूर्तींचे डोळे मंदाच आखायची. बाकी रंग कुणीही लावी, डोळ्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. त्या कामानं तिच्या बोटांवर काळा आणि सोनेरी रंग कायमचा मुरलेला.

ठाण्याहून एसटीनं पेण. वडखळच्या अलीकडे उतरायचं, नाहीतर कंडक्टर तुम्हाला अलिबागला नेऊन सोडेल. मामीकडे पोहे खाल्ले. पेणला येऊन पोहे न खाणाऱ्यानं घरीच बसावं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मामा, मंदा आणि मी निघालो. तिकीट चहापेक्षा जरा महाग. धरमतरकडून खारा वारा येत होता. कासूला गाडी एवढी थांबली की मामानं खाली उतरून विडी ओढली.

‘मुलगा आवडला?’ मी मंदाला हळूच विचारलं.

‘बोलला नाय जास्त. पण हसतो बरा,’ ती म्हणाली. ‘ताई, मला लग्न करायचंय. काम पण सोडायचं नाय. पेण-रोहा गाडी हाय की. सीझनला येऊन-जाऊन करीन.’

रोह्याबाहेर एका कंपनीनं जपानी साहेबांसाठी गेस्ट हाऊसमागे बाग केली होती. लाल लाकडी पूल, बेडकांनी भरलेलं तळं आणि एक दगडी दिवा. तो जपान्यांचा देव असणार असं ठरवून लोकांनी त्याला हळदकुंकू वाहिलेलं, खाली नारळाच्या करवंट्या. रविवारी तिथं नंदू फोटोग्राफरचं राज्य. पुलावर लग्नाच्या मुलींची रांग आणि सगळ्यांना मिळून एकच किमोनो. तो रोह्याच्याच टेलरनं पडद्याच्या साटिनचा शिवलेला, मागून सेफ्टी पिनांनी आवळायचा. कागदी छत्री आणि पंखा फोटोच्या भाड्यातच.

‘चपला काढा मॅडम, देव हाय तो,’ नंदू मला म्हणाला. मग मंदाला, ‘जरा लाजा. आपल्यासारखं नाय, जपानी.’

‘जपानी बाया कशा लाजतात?’

‘तोंड बंद ठेवून.’

रांगेतल्या मुली खिदळल्या. मुलाची आई खुर्ची टाकून देखरेख करत होती; सगळे तिला काकू म्हणत. मुलगा खुर्चीमागे, आईच्याच सावलीत. मंदानं छत्री धरायला बाह्या सरसावल्या तशा काकू ओरडल्या, ‘हात आत घे गो! रंगारीण दिसतेस.’

‘दिसू देत की काकू. हेच हात येणार हायेत घरात.’

‘घरात येतील. कारखान्यात नाय जाणार. लोक म्हणतील, यांच्याकडं खायला नाय.’

मंदानं काकूंच्या डोक्यावरून मुलाकडे पाहिलं. ‘सीझनपुरतं. गाडीनं येऊन-जाऊन. चालेल ना?’

मुलानं आईकडे पाहिलं. मग बेडकांकडे. हसला मात्र बरा.

‘सोडेल हो ती,’ मामा मध्येच म्हणाला. ‘पोरीच्या जातीचं काय, हौस असते.’ नंदूनं बाह्या खाली ओढल्या, हातांवर पंखा ठेवला आणि फोटो काढला.

परतीच्या गाडीत मंदा खिडकीला चिकटून बसली. नागोठणं गेलं. मग मामाला म्हणाली, ‘बाबा, मी सोडलं तर मूर्तींचे डोळे कोण आखणार?’

 एवढा वेळ मामानं फक्त मुलगी द्यायचा विचार केला होता; तिच्यासोबत कारखान्याचे डोळे जातात हे त्याला आत्ता दिसलं. पेण येईपर्यंत तो तिच्या बोटांकडे बघत बसला. मंदाला वाटलं, बाबा आपल्या बाजूनं विचार करतायत. क्षणभर मलाही वाटलं.

फोटो सुरेख आला. काकूंनी होकार कळवला. मामानं उलट निरोप धाडला की पत्रिका जमत नाही. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. मंदाला त्यानं सांगितलं, त्यांचाच नकार आला. मला हे मामीकडून कळलं, तेही ‘तिला सांगू नको’ या अटीवर, आणि तोवर रोह्यातल्या मुलाचं दुसरीकडे ठरलंही होतं. काकूंना हात नसलेली मुलगी हवी होती, मामाला मुलीशिवायचे हात. दोघांनाही मी सभ्य माणसं म्हणून ओळखते.

पुढं स्थळं आली. दर वेळी पत्रिका आडवी आली.

मामीकडून हे कळलं त्या दिवशी घरी परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ‘वाईट झालं,’ म्हणाली आणि एक देठ मोडून, ‘पण गणपती तरी चांगले मिळतील आपल्याला.’

मिळाले. त्या भाद्रपदात आमच्याकडे मामाच्याच कारखान्यातली मूर्ती होती. आरतीला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, डोळे काय बोलके आहेत! मी ‘हो ना’ म्हणत होते आणि प्रसाद वाटत होते.