म्हातारीच्या पोटी नवे तारे

बायकोचा फोन आला तेव्हा मी पिशोरला होतो, शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी पाण्याची घागर उतरवत. "आक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली... दुपारी संभाजीनगरला पोचलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मालती, आमच्याच घरी राहायची. तिनं लग्न केलं नाही. भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेला सगळा जीव आपल्या आकाशगंगेसारख्याच एका दीर्घिकेत घातला.

दूरच्या एका दीर्घिकासमूहाच्या मधोमध बसलेली ती प्रचंड, लंबगोल दीर्घिका. शेजारच्या लहान दीर्घिका गिळून ती एवढी फुगली, असं आक्का सांगायची. वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मी आलो की माझ्यापुढं फोटो धरायची. मला दिसायचा नुसता पिवळसर, पुसट डाग. "करती काय ही?" मी विचारायचो. "काय नाय. म्हातारी झाली. आता हिच्यात नवा तारा जन्मायचा नाय." हे सिद्ध करण्यातच आक्काची उमेदीची वर्षं गेली, नाव झालं तेही यामुळंच.

गेल्या वर्षी तिचा आजार बळावला होता. त्याच दिवसांत तिची विद्यार्थिनी निलोफर नव्या दुर्बिणीतली छायाचित्रं घेऊन आली. हळूच म्हणाली, "मॅडम, गाभ्यात निळे ठिपके आहेत. नवे तारे वाटतात." आक्कानं चष्मा पुसला, चित्र मोठं करून पाहिलं, परत पाहिलं. निलोफर पुटपुटली, "लगेच छापायलाच पाहिजे असं नाही, मॅडम..." तुम्ही असेपर्यंत थांबते, असंच तिला म्हणायचं होतं. ते आम्हा दोघांनाही कळलं.

"थांबायचं कशाला? मीच लिहिते की, माझं चुकलं म्हणून." आक्का माझ्याकडं वळली. डोळे भरले होते, पण हसत होती. "बघ रे, म्हातारीच्या पोटी अजून लेकरं जन्मतायत! जा, तोंड गोड करायला इमरती घेऊन ये."

लेख दोघींनी मिळून लिहिला. आक्का पडून सांगायची, निलोफर टाईप करायची. छापून आला तेव्हा आक्काला बसवत नव्हतं, म्हणून मीच अडखळत इंग्रजी वाचून दाखवलं. डोळे मिटून ती माझे उच्चार सुधारत राहिली.

आता निलोफर शनिवारी येते, आक्काच्या टेबलाशी पुढचं काम करते. आक्का ठेंगणी, म्हणून त्या टेबलाचे पाय मी कधीकाळी कापून दिले होते. निलोफर उंच, तिचे गुडघे वर फळीला घासतात. परवा विचारलं, "खाली ठोकळे लावून देऊ का?"

"राहू द्या काका," ती म्हणाली, आणि पाय जरा तिरके करून बसली.