शेठजींची उपाशी मोटार

दुरुस्त होऊन मुकाट्याने गेलेली गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही, फसलेलीच राहते. त्यामुळे जळगावच्या आमच्या गॅरेजात किस्से साठायला कधी अडचण आली नाही. माझ्या वाट्याचे बहुतेक सगळे एकाच मोटारीचे आहेत, आणि त्यांत शहाणपण दुसऱ्यांचं, आवाज माझा.

मी तेव्हा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. जूनपासून एरंडोलच्या शाळेत शिकवायला या, असं पत्रही आलं होतं. मला मात्र गॅरेजातच काम करायचं होतं. महिनाभर वाद घातल्यावर वडील, म्हणजे आबा, म्हणाले, "शेठजींची मोटार नीट करून दाखव. जळगाव ते धुळे, वाटेत कुठेही न थांबता. पोचली तर कार्बोरेटरचं टेबल तुझं. नाही तर एरंडोल."

शेठजी कापसाचे व्यापारी. त्यांनी मिलिटरीच्या भंगारातून एक सुपरचार्जर उचलला होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं ते यंत्र, आम्ही त्याला ब्लोअर म्हणायचो. आबांनी तो शेठजींच्या जुन्या विलायती मोटारीला बसवून दिला. हळू चालवली की मोटार गरीब गाय. ॲक्सिलरेटर दाबला की खोकायची आणि बसकण मारायची.

*

रहीमचाचा आमचे जुने मिस्त्री. त्यांनी एक प्लग काढून उन्हात धरला. पांढराफटक पडला होता.

"भुकी है, बेटी. हवा पेटभर, पेट्रोल चमचाभर."

मी म्हटलं, "चाचा, अंदाजाचे दिवस गेले आता."

मग मी तीन दिवस बसून नऊ पानं आकडेमोड केली. चौथ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून निष्कर्ष वाचून दाखवला: इंजिनात हवा वाढली आहे, त्या मानानं पेट्रोल कमी पडतं आहे.

चाचांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "वाह. अब इंग्लिश में भी साबित हो गया."

*

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं, त्याला जेट म्हणतात. मोठं जेट मुंबईहून मागवायचं तर महिना गेला असता. आबांनी जळगावचा उपाय काढला: सोनार. नथीच्या मोत्याला भोक पाडणाऱ्याला पितळेचं काय अवघड?

सोनारकाकांनी सवयीनं जेट आधी वजनकाट्यात टाकलं. मग हसून विचारलं, "भोक केवढं करू, ताई?"

"दुप्पट रुंद," मी ठणकावून सांगितलं.

पेट्रोल दुप्पट यावं म्हणून मी भोकाची रुंदी दुप्पट करवली. रुंदी दुप्पट झाली की वाट चौपट होते. एरंडोलच्या पोरांना मी हेच शिकवणार होते! मोटार सुरू केली, तसा मागून काळ्या धुराचा लोट निघाला. आबांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत करडं झालं.

मी जेट घेऊन पुन्हा पेढीवर. काकांनी ते डोळ्याला लावून पाहिलं.

"ताई, भोक मोठं करायला मी आहे. छोटं करायला देव लागतो."

दुसऱ्या जुन्या जेटला त्यांनी भोक पाडलं, ते आबांना विचारून.

*

आता मोटार पळू लागली, पण जरा वेग घेतला की पुन्हा खोकला. ब्लोअरच्या हवेचा दाब कार्बोरेटरपर्यंत पोचायचा आणि येणाऱ्या पेट्रोललाच मागे रेटायचा. मी पेट्रोलची नळी जाड केली. काही फरक नाही.

जेवायला बसल्यावर मी आबांना सुनावत होते, की तुमच्या पिढीला दाब ही गोष्टच कळत नाही. अक्का, माझी आत्या, स्टोव्हला पंप मारत होती. मान वर न करता म्हणाली, "रॉकेल काय आपल्या पायांनी वर चढतं? तुझ्या टाकीत हवा भर की."

"अक्का, तो स्टोव्ह नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्रोलच्या टाकीला हातपंप आणि दाबाचा काटा बसवला. कल्पना माझीच, असं आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. मग अक्का डबा घेऊन गॅरेजात आली. तिने पंप पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पिन पण मारावी लागते का गं याला?"

*

धुळ्याला निघालो त्या दिवशी शेठजी स्टीअरिंगवर, मी शेजारी आणि मागच्या सीटवर आबा. पंपाचा दांडा त्यांच्या हातात. काटा तांबड्या खुणेखाली येता कामा नये, हे मी त्यांना तीनदा बजावलं होतं.

एरंडोल आलं कधी आणि गेलं कधी, कळलं नाही. शेठजी म्हणाले, "बेन, ये तो उडती है."

पारोळ्याच्या पुढे आबा बोलले. "सुमे, काटा वर यायला फार पंप मारावा लागतोय. टाकी रिकामी होत आली की काय, बघ जरा."

"थांबलो तर मी हरले. टाकीचा हिशेब केलाय मी. हात दमलाय तुमचा, आबा. मारत राहा."

ते मारत राहिले.

धुळं दोन मैलांवर असताना मोटार खोकली आणि उभी राहिली. शेठजी बॉनेट उघडायला धावले. मी मागे जाऊन टाकीत काडी घातली. ठणठणीत कोरडी. जेट मोठं केलं, नळी जाड केली, पंप बसवला, आणि टाकी भरली ती ब्लोअर नसतानाच्या हिशेबानं.

बाजूनं एक बैलगाडीवाला गेला. "काय व्हयनं, भाऊ? बैल जोडू का?"

शेठजी घाम पुसत मागे आले. "आबा, क्या हुआ? ब्लोअर गेला?"

मी तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले.

"मला डुलकी लागली, शेठजी. पंप थांबला. गाडीचा दोष नाही, पोरीचाही नाही. हे थांबणं शर्तीत धरायचं नाही."

"एवढ्या वेगात झोप?"

"वय झालं."

शेठजी हसत समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेले. डिकीत रहीमचाचांनी मला न विचारता पेट्रोलचा डबा ठेवला होता. मी तो उचलला, तसं नरसाळं धरायला आबांनी हात पुढे केला. तळव्यावर चार फोड होते. दोन फुटलेले.