दसऱ्याला धुतलेला थर

दसऱ्याच्या शुभेच्छांचे मेसेज येऊ लागले की माझं टाळकं सरकतं. आपट्याच्या पानांशी माझं काही वैर नाही. पण नायगावात आमच्या पाडलेल्या चाळीच्या जागेवर त्या दिवशी जे झालं ते आठवलं की अजूनही हाताला येईल ते आपटावंसं वाटतं. घरातले लोक शहाणे आहेत, त्या दिवशी माझ्या वाटेला जात नाहीत.

मी भूशास्त्राची माणूस. गाळाचे खडक हा माझा विषय आणि जन्म मुंबईत, म्हणजे चहूकडे लाव्हाचा काळा पाषाण. त्यामुळे गाळ बघायला सगळं आयुष्य कच्छात नाहीतर चंद्रपूरकडे उन्हं खात फिरले. पण मुंबईच्या पोटातही लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे गाळाचा पट्टा सापडतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळाशी चिखल बसला आणि पुढच्या लाव्हाने त्यावर झाकण घातलं. तो चिखल दाबून त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक झाला, त्याला शेल म्हणतात. वरळीला अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळालेले आहेत. आमच्या चाळीखाली असं काही असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

टॉवरच्या पायासाठी तिथे बोअरिंग सुरू झालं तेव्हा इंजिनिअरच्या मागे लागून मी कोअर बघायची परवानगी मिळवली. कोअर म्हणजे ड्रिलमधून निघणारी खडकाची गोल कांडी. ती तुकड्यातुकड्यांनी लाकडी पेट्यांत ओळीने मांडतात. रोज जायचे आणि रोज काळा पाषाण बघून परत यायचे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, अगदी शेवटच्या बोअरमधून राखाडी कांडी वर आली. भिंग लावलं. पापुद्र्यांच्या कडेला बारीक, काळं, हाडासारखं काहीतरी डोकावत होतं. बेडूक? मासा? ते दगडातून सोडवल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. ज्या गॅलरीत मी शाळेचा अभ्यास केला, तिच्या खाली सहा कोटी वर्षांहून जुनं तळं होतं. मला नाचावंसं वाटत होतं.

"पेटी आजच नेते," मी म्हटलं.

"परवा न्या ना मॅडम. साहेबांची सही लागते," इंजिनिअर म्हणाला. "इथे कोण चोरणार आहे चिखल?"

असला शेल वाळला की तडकतो आणि पाण्याचा मारा बसला की पुन्हा चिखल होतो, आतल्या बारीक हाडाचाही भुगा. म्हणून मी कांडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली. वॉचमनला बजावलं, कोणी हात लावायचा नाही.

दसऱ्याला दुपारी राहवेना म्हणून गेले. पूजा आटपली होती. ड्रिलचं मशीन धुऊन हार घालून उभं होतं. नट आवळायचे पाने, पंप, घमेली, सगळ्यांना हळदकुंकू. कोअरच्या पेट्याही पाइप लावून धुतल्या होत्या, काळा पाषाण नुसता चमकत होता. शेवटच्या पेटीत राखाडी रबडी होती. फळ्यांच्या फटीतून ती खाली गळत होती आणि वर झेंडूची फुलं पडली होती. बाजूला माझ्या प्लॅस्टिकची व्यवस्थित घडी घालून ठेवलेली.

मी किंचाळले.

"मॅडम, दसरा है ना, सब धोया," सुपरवायझर म्हणाला.

"मग प्लॅस्टिक कशाला काढलं?"

मी इंजिनिअरला गाठलं आणि त्याच जागी शेजारी आणखी एक बोअर घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, मशीन उद्या दुसऱ्या साइटवर चाललं, उद्यापासून पायलिंग, पायाचे खांब उतरवायचे, तुम्ही आधी पेढा घ्या. पेढा! तो पेढा त्याच्या तोंडावर मारायची इच्छा मी कशी आवरली, माझं मला माहीत.

पूजेला आलेले आमचे जुने शेजारी ऐकतच होते. खालच्या मजल्यावरच्या काकू पुढे आल्या. "काय गं, चिखलासाठी आमची बिल्डिंग अडवतेस? ये, राहून बघ आमच्यासारखी ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत." त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

"प्लॅस्टिक मी काढलंय," तेवढ्यात मागून आलेले बाबा म्हणाले.

बाबांनी जन्मभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. चाळ पडल्यापासून ते रोज साइटवर येऊन बसायचे, आपलं घर कुठवर आलं ते बघायला. आज नवी पँट, नवा शर्ट होता.

"गिरणीत दसऱ्याक साचो कधी पारोसो ठेवलो नाय," ते म्हणाले. "वॉचमन म्हणालो, ही पेटी तुझी. मगे तीच कशी तशी ठेवतलंय? सगळ्यांत आधी तुझी धुतलंय. माझ्या हातान."

त्यांचा चेहरा फुलला होता. शाबासकीची वाट बघत होते.

बाबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडले. "त्यात हाड होतं, बाबा! एवढंस्सं! कोट्यवधी वर्षं ते लाव्हाखाली टिकलं आणि तुम्ही एका सकाळीत त्याचं पाणी केलंत! आता तिथे खांब उतरणार, कळतंय का? पुन्हा कोणाला कधी मिळणार नाही ते!"

काकू म्हणाल्या, "अगं, बाप आहे तुझा." मी ऐकलं नाही.

बाबा वळले. पेटीजवळ गेले, नव्या पँटसकट चिखलात गुडघे टेकून बसले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात त्या रबडीत घातले. बोटांनी चाचपत चाचपत ते शोधू लागले.

"खंय होता ता हाड?" त्यांनी विचारलं. "या टोकाक की त्या? सांग, मी काढून देतंय."

हाताला काही लागणार नाही, हे मला माहीत होतं. मी फक्त बोटाने डावीकडे दाखवलं आणि त्यांना शोधू दिलं.