काशी परत आली म्हणतात

दाखला देण्यात येतो की, सौ. सुलक्षणा भ्र. सावळाराम, वय सुमारे पंचेचाळीस, राहणार मौजे हिर्डोशी, तालुका भोर, या सदर गावच्या कायम रहिवासी असून भातशेती व घरकाम करून असतात. वर्तणूक आमच्या माहितीप्रमाणे चांगली. गावात कोणाशी वाद नाही. तसेच त्यांनी लपवून ठेवलेली कोणतीही चीजवस्तू गावाच्या हद्दीत नाही.

असा दाखला सुलक्षणाबाईंनी कधी मागितला नाही, कुणी दिलाही नाही. पण दिला असता तर याच शब्दांत. दाखल्यांना काशी माहीत नसते.

काशी ही बाईंनी मनानं रचलेली सासुरवाशीण. एका सकाळी ती पाण्याला म्हणून निघाली आणि हंडा विहिरीवर ठेवून चालू लागली, इथून गोष्ट सुरू. गोष्टीचा एक भाग दर वर्षी, चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पुण्याला कामाला गेलेली माणसं गावात असतात तेव्हा. तोही असा सहजी मिळायचा नाही. शाळेतल्या फुटक्या पाट्यांच्या तुकड्यांवर बाई खडूनं एकेक हुमान, म्हणजे कोडं, लिहीत. हुमान सुटलं की काशी पुढं कुठं थांबली ते कळे. तिथं पुढचा तुकडा. 'पाहुण्यासंगं येत न्हाई, पाहुण्यासंगं जात न्हाई, पर पाहुण्याची वाट गावात सगळ्यात जास्त बघतो,' याचं उत्तर एसटीचा निवारा. हिर्डोशीची एसटी ज्यानं पाहिली आहे, किंवा अधिक नेमकं म्हणजे पाहिलेली नाही, त्याला हे सुटायला वेळ लागत नाही.

शेवटच्या जागी स्टीलचा डबा, आत नाचणीचे लाडू. डबा सापडेल त्याला बाई पुढचा भाग सांगत आणि त्यानं तो पारावर येऊन सगळ्यांना सांगायचा. काशीपायी पोक्त माणसं चपला हातात घेऊन बांधावरून पळत. गेनबांसारखा सत्तरीतला माणूस दर वर्षी विचारी, "सुलक्षणा, पोरगी जित्ती तरी हाय न्हवं?"

"डबा हुडका, आबा."

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली होती. दुसरंच हुमान कुणाला सुटेना. दुपारपर्यंत माणसं पारावर बसली, मग बाईंच्या घरी जाऊन लाडू खाऊन आली. जत्रेचा नैवेद्य बाईच रांधत. नैवेद्य देवाआधी चाखायचा नसतो. मीठ अंदाजानं, आणि बाईंचा अंदाज कधी चुकला नव्हता. पण हुमान म्हणजे काही नैवेद्य नव्हे, हे चाखून बघितलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि चाखायला धाकट्या दिराला बसवलं.

हनुमंत त्या कामाला उत्तम होता. फार हुशार नाही, फार मठ्ठ नाही, म्हणजे गावाइतकाच. त्याला जे सुटे ते गावाला सुटे. गोष्टही त्याला आधी कळे, पण तोंडातून शब्द बाहेर जात नसे. त्यामुळं हनुमंत म्हणेल ते काशीच्या बाबतीत प्रमाण, असा गावात रिवाज पडला. तीन वर्षांपूर्वी तो पानशेतला एका शेतघरावर कामाला लागला. शनिवार-रविवार पुण्याहून येणाऱ्या लोकांना चुलीवरचं जेवण आणि मोकळी हवा द्यायची, असं ते काम.

यंदा काशीचा शेवट होता. बाईंनी शिमग्याला हनुमंताला तो सांगितला. काशी वरंध्याचा घाट उतरली, खाली कोकणात एका गावाबाहेर तिनं आपली चूल मांडली, आणि परत आली नाही. आठवण आली, पण आली नाही.

हनुमंत म्हणाला, "वैनी, लोकांना न्हाई चालायचं हे."

"लोकांना नसंल. काशीला चालतंय."

जत्रेच्या आठवडाभर आधी गावातल्या सगळ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पानशेतचं शेतघर, दिव्यांच्या माळा, टोप्या घातलेली माणसं पाट्यांचे तुकडे हातात घेऊन हसताहेत. बाईंचीच हुमानं. मग हनुमंत, डोक्याला फेटा, हातात माईक: काशीचा नवरा तिला शोधत घाटापर्यंत येतो, तिची जोडवी ओळखतो, आणि काशी घरी परत येते. टाळ्या. मालक म्हणतात, जेवण तयार आहे.

जत्रेला हनुमंत आला तो वैनीसाठी साडी घेऊन.

"भावजी, काशी परत कशी आली?" बाईंनी साडीला हात न लावता विचारलं.

"तुमचं नाव घेतो की म्या वैनी. दर टायमाला. आमच्या वैनींची गोष्ट म्हणतो."

"नाव माझं. आन शेवट कुणाचा?"

"शेवट गिऱ्हाइकाचा. जेवायच्या आधी रडवायचं न्हाई, असा मालकाचा नियम हाय." मग जरा समजुतीनं, "आवो, परत आली तर तुमचं काय वाईट झालं?"

दुसऱ्या दिवशी पहिला तुकडा नेहमीच्या जागी, पाराच्या खांबाला टांगला होता. कुणी उठलं नाही. शेवट माहीत असताना ऊन कशाला खायचं, असा हिशेब होता आणि तो बरोबर होता. उलट सगळी खुशीत होती. बाई स्वतः पारावर गेल्या. जत्रेच्या गर्दीत बायका सहसा तिथं चढत नाहीत. त्याही चढल्या नाहीत, खाली उभ्या राहिल्या.

"आबा, काशी परत आली न्हाई," त्या म्हणाल्या.

गेनबांनी चष्मा काढून पुसला. "आसं कसं? हनुमंतानं सांगितलं की."

"त्यांनी बदललं."

"सुलक्षणा, गोष्ट तूच त्याला सांगतीस. त्यो आजवर येका शब्दानं खोटं बोलला न्हाई. आन आता पोरगी नांदाय गेली, घर भरलं, तर तू तिला पुन्यांदा बाहेर काढतीस?" म्हातारा खरोखर दुखावला होता. "साडीवरनं काय झालं आसंल तर घरात मिटवा. काशीला मधी घेऊ नका."

कुणीतरी हसलं. हनुमंत पारावरच होता. त्यानं मान खाली घातली, आणि बोलला नाही. त्याचं तोंड बंद असतं, याबद्दल तर त्याची ख्याती होती.

बाई घरी गेल्या. सावळाराम म्हणाले, "भाऊ हाय माझा, काय करू?" बाईंनी त्यांना वाढलं.

जत्रेआधी बाईंनी यंदाचीही हुमानं नव्यानं केली होती. काशीचा खरा शेवट ज्या जागेवरून कळेल अशी जागा गावाच्या हद्दीत शोधली होती, डबा नेऊन ठेवला होता. हुमानं यंदा कुणाला चाखायला दिली नव्हती. नैवेद्यासारखी, अंदाजानं. पहिला तुकडा पाराच्या खांबाला अजून टांगलेला आहे. त्यावर सध्या गेनबा आपली पिशवी अडकवतात.

डबा अजून कुणाला सापडलेला नाही.