धाकटी टाकी

सांगायला तोंड नाही, पण चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकते. सख्ख्या भावाचा जीव घ्यायला निघाले होते मी, आणि तोसुद्धा काळजीपोटी.

माझा नंदू तेव्हा सात महिन्यांचा. तो झोपला की मी दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. बोट लागलं की तो दचकून उठायचा आणि भोकाड पसरायचा. मग मला बरं वाटायचं. रडतोय म्हणजे आहे. मॅट्रिकला मला शास्त्रात चांगले मार्क होते, हेही आत्ताच सांगून ठेवते. पुढे कोणी विचारायला नको.

आमचे हे धरणावर ओव्हरसियर. राहायला धरणाच्याच वसाहतीत. दुष्काळाचं वर्ष होतं ते. धरणाच्या तळाशी जे काही हिरवट पाणी उरलं होतं, ते खालच्या गावांना सोडायचं होतं, आणि नेमकं दार गाळात अडकलेलं. काठावर मेलेल्या माशांचा वास. मुंबईहून पाणबुड्या मागवला, आणि आला कोण, तर माझा धाकटा भाऊ विलास. गोदीत तो हेच काम करायचा.

पेटीतून त्यानं हवेच्या दोन टाक्या काढल्या. एक पाठीवर बांधायची, मोठी. दुसरी हातभर लांबीची.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मोठीनं दगा दिला तर. पाच-सात मिनिटं निभावते. तेवढ्यात वर येतो."

"आणि हिनं दगा दिला तर?"

"ताई, चहा टाक."

बरोबरच होतं त्याचं. पण माझ्या डोक्यात तोच किडा. शेवटी त्यानं करून दाखवलं. वरची चावी फिरवली, तोंडात धरायच्या रबरी तुकड्यामागचं बटण दाबलं. फुस्स. "ऐकलंस? आहे हवा. झालं समाधान?"

झालं. पण ते तासभरच टिकलं.

दोरखंड यायला तीन दिवस लागणार होते. विलास यांच्याबरोबर धरणावर गेला की मी पेटी उघडायची, चावी फिरवायची, बटण दाबायची. फुस्स. आहे. चावी बंद. पोळ्या लाटता लाटता वाटायचं, मघाशी होती, आत्ता असेल ना? पुन्हा फुस्स.

सासूबाई पाथर्डीकडच्या. दारात उभं राहून बघत होत्या. "आगं, हवा डब्यात भरून आनली? हितं काय कमी हाय व्हय?"

त्यांनाही दाखवली. मग त्यांनी शेजारणीला हाक मारली, तिलाही दाखवली. ती म्हणाली, "लई गार हाय वो." खरंच गार होती. बाहेर अंगाची लाही होत होती, नंदू घामोळ्यांनी रडत होता. त्याच्या तोंडासमोर धरली. जावळ उडालं आणि पोर खुदकन हसलं. महिन्याभरात पहिल्यांदा. आता सांगा, कुठली आई एकदाच दाबून थांबेल?

हवा संपते, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शास्त्रात चांगले मार्क.

चौथ्या दिवशी सकाळी धरणावरच्या सोपान फिटरनं पेटी खांद्यावरून नेली. मी नंदूला कडेवर घेऊन धरणाच्या काठावर. पाण्यात शिरण्याआधी विलासनं धाकटी टाकी हातात घेतली, बटण दाबलं. फुस्स. माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. पुरती रिकामी होईपर्यंत टाकी फुस्स करतेच, हे मला नंतर कळलं.

तो खाली गेला. कमरेच्या दोराचं टोक सोपानच्या हातात. पाण्यावर बुडबुडे येत होते. मी ते बघत होते, डोळ्यांनी नाकाखाली बोट धरल्यासारखी. एकाएकी बुडबुड्यांचा मोठा लोंढा आला. मग दोन छोटे बुडबुडे. मग काहीच नाही. पाणी नुसतं हिरवं.

"ओढा," हे ओरडले. सोपान आधीच ओढत होता, तळवे सोलून निघेपर्यंत.

विलास वर आला तो काळानिळा. नाकातून रक्त. बराच वेळ नुसता खोकत, ओकत राहिला. दाराच्या गजात मोठ्या टाकीची नळी अडकून फाटली होती. त्यानं धाकटी तोंडात धरली.

"दोन श्वास," तो म्हणाला. "तिसरा आलाच नाही."

धरणाचे मोठे साहेब काठावरच उभे होते, ते सोपानकडे वळले. "पेटी तूच आणलीस ना? चावी ढिली केलीस. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, म्या पेटीच्या कडीबिगर कशाला हात लावला न्हाई. माज्या लेकराची आन घेतो."

नंदू माझ्या खांद्यावर लाळ गाळत होता. त्या माणसाच्या तळहातांतून रक्त येत होतं, आणि गप्प बसावं असं मला क्षणभर वाटलं. ते वाटणं मी अजून विसरलेले नाही.

"मी संपवली," मी म्हणाले. "आहे का ते बघताना."

हे खाली बघायला लागले. विलास माझ्याकडे बघत राहिला, मग त्याला हसू आलं आणि हसताना पुन्हा खोकला. साहेबांनी सोपानला हातानंच खूण केली, राहा म्हणून. त्याच्या हातांना मी हळद लावली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ताईसाब." त्यानं असं म्हणण्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी विलास आमच्या खाटेवर झोपला. एका कुशीवर, अगदी निपचित. मी दारातून बघितलं. छाती हलत होती की नाही, कळेना. स्वतःला बजावलं, आता नाही. मग चवड्यांवर आत गेले आणि त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "आहे, ताई. पण सारखी बघू नकोस, संपेल."